अलाउन्स म्हणजे कडता : वऱ्हाडातल्या व्यापारी इंग्रजीविषयी

 

ज्याचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला त्या माणसानं बिझनेस इंग्रजीवर कशाला बोलावं, असं आम्हाला इथं येतानाच एकानं विचारलं. उत्तर एका पावतीत आहे, म्हणून पावतीपासूनच सुरुवात करतो.

१९७० च्या आसपासची गोष्ट. कापसाची एकाधिकार खरेदी अजून यायची होती, ती १९७२ च्या हंगामापासून आली. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. पऱ्हाटी हेच काय ते नगदी पीक. वडील कापसाची गाडी घेऊन एका खरेदीदाराकडे गेले, सोबत आम्ही. आम्ही तेव्हा नुकतेच बी. ए. झालो होतो, इंग्रजीत बरे गुण होते, आणि ते गुण अख्ख्या गावाला पाठ होते. दिवाणजीनं छापील इंग्रजी कागद पुढे केला. त्यात मालाच्या ओलीविषयी एक ओळ होती आणि त्या ओळीत 'अलाउन्स' हा शब्द होता. वडिलांनी विचारलं, काय लिहिलंय? आम्ही ऐटीत सांगितलं, भत्ता देणार आहेत. वडिलांनी सही केली. हिशेब झाला तेव्हा भत्ता तर मिळाला नाहीच, उलट पैसे कापले गेले. मालातल्या दोषापोटी खरेदीदाराला द्यायची सूट, ती व्यापारी इंग्रजीत अलाउन्स. आपल्या बाजारात तिला कडता म्हणतात. बंडीत बसून परत येताना वडील एवढंच बोलले, "तुह्या इंग्रजीत कडत्याले भत्ता म्हन्तात काय रे बाबू?"

दिवाणजीनं फसवलं असं आम्ही म्हणणार नाही. कागदावर होता तो शब्द त्याच्या व्यवहारात बरोबरच होता. आम्ही शेक्सपिअर वाचला होता, इंग्रजीतून कांट वाचायला घेतला होता, आणि बापाच्या कापसाची पावती आम्हाला वाचता आली नाही. ती बोच पन्नास वर्षं राहिली. आजचं बोलणं तिच्यातून आलं आहे.

आता आजचं चित्र पाहा. अमरावतीत नांदगाव पेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, २० सप्टेंबर २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. वरूड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशात जातो. शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, आणि त्यांच्या संचालक मंडळात पंचवीस-तीस वर्षांची मुलंमुली दिसतात. ही मुलं इंग्रजीला बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं ओळखून अकोल्यापासून अमरावतीपर्यंत बिझनेस इंग्रजीच्या क्लासचे फलक लागले आहेत. गेल्या वर्षभरात आम्ही अशी सात पुस्तकं आणि तीन क्लासच्या नोट्स पेन्सिल घेऊन वाचून काढल्या. नावं सांगत नाही. दोष एकाचा नाही, सगळ्या प्रकाराचा आहे.

आधी चांगलं ते सांगू. ही पुस्तकं भीती घालवतात. 'डिअर सर' नंतर काय लिहायचं याचा धाक ज्याच्या मनात बसला आहे, त्याला दोन वाक्यं तयार मिळाली तरी हात चालू लागतो. फोनवर आधी स्वतःचं नाव सांगावं, ईमेलला विषयाची ओळ द्यावी, हे कुणीतरी शिकवायलाच हवं. खेड्यातल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर दुबईच्या माणसाशी दोन मिनिटं न अडखळता बोलता आलं, तर ती कमाई छोटी नाही. ज्यांनी हे शिकवलं त्यांना आम्ही हसणार नाही.

पण ही पुस्तकं संपल्यावर हातात काय उरतं? 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत', 'आपल्याशी दीर्घकालीन संबंध जोडण्यास उत्सुक आहोत', 'आमचा माल उत्कृष्ट दर्जाचा आहे'. सात पुस्तकांत ही वाक्यं कमीअधिक फरकानं तीच. सबंध करार कसा वाचावा हे एकाही पुस्तकात नाही. जहाजाची बिल्टी, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, पूर्ण छापलेली कुठं नाही. बँकेचं एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, याची एका पुस्तकात व्याख्या आहे तीन ओळींची. तीही पाठ करण्यासाठी.

आमच्या शास्त्रात या गोष्टीला जुनं नाव आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांचे प्रकार पाडले, त्यात दोन महत्त्वाचे. एक विधी : अमुक करावं, असं सांगणारं वाक्य. दुसरा अर्थवाद : त्या कृतीची, द्रव्याची, देवतेची स्तुती करणारं वाक्य. जैमिनीनं पहिल्याच अध्यायाच्या दुसऱ्या पादात अर्थवादाचा प्रश्न घेतला आहे. त्याचा निवाडा असा की, स्तुतिवाक्य एकट्यानं काही करायला लावत नाही, विधीशी जोडलं गेलं तरच त्याला काम उरतं. यज्ञावर श्रद्धा असो वा नसो, वाक्य वाचायची ही रीत मोठी कामाची आहे. व्यापाराचा कुठलाही कागद घ्या. 'आपल्या संबंधांचं आम्हाला मोल आहे' हा अर्थवाद. 'विक्रेत्यानं ३१ मार्चपर्यंत माल जहाजावर चढवला पाहिजे' हा विधी. इंग्रजीत त्या वाक्यात 'शॅल' येतो, आणि सगळं घोडं त्या 'शॅल'वर अडतं. आमची तक्रार एका वाक्यात अशी आहे : आपले क्लास अर्थवाद शिकवतात आणि पोरांना विधीच्या तोंडी देतात.

विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिननं हीच वाट वेगळ्या बाजूनं धरली. १९५५ ला हार्वर्डमध्ये त्यानं व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक १९६२ ला निघालं. त्याचं म्हणणं, काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, बोलताक्षणी काहीतरी करून टाकतात. वचन देणं हे त्यातलं ठळक उदाहरण. व्यापारी इंग्रजी बहुतेक सगळी अशी आहे. तिच्यात चूक झाली तर गुण कापले जात नाहीत, माल अडकतो.

नुसतं तत्त्व नको, उदाहरणं घेऊ. एलसी म्हणजे काय? खरेदीदाराच्या बँकेनं विक्रेत्याला दिलेला शब्द : ठरलेले कागद ठरल्याप्रमाणे आणून द्या, पैसे आम्ही देतो. या व्यवहाराचे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं केले आहेत. १ जुलै २००७ पासून त्यांची जी आवृत्ती लागू आहे तिला यूसीपी ६०० म्हणतात. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की बँकेचा व्यवहार कागदांशी असतो, मालाशी नसतो. तुमची रुई दुधासारखी पांढरी असेल, पण कागदात तारीख चुकली तर बँक ते कागद नाकारू शकते.

आता या नियमांतले साधे शब्द पाहा. 'अबाउट' या शब्दाचा अर्थ आम्ही मुलांना सांगू 'सुमारे'. एलसीत त्याला माप आहे : दहा टक्के वर किंवा दहा टक्के खाली, त्यापलीकडे नाही. आणि ज्या आकड्याच्या आधी तो शब्द येतो त्यालाच ही सवलत. समजा एलसीत लिहिलं आहे 'अबाउट १०० गाठी', आणि रक्कम नुसती २५ लाख, तिच्या आधी 'अबाउट' नाही. तुम्ही खुशाल ११० गाठी पाठवल्या. चालतं. पण बँक २५ लाखांच्या वर छदाम देणार नाही. वरच्या दहा गाठींचे पैसे खरेदीदाराच्या मर्जीवर. 'अबाउट' अजिबात नसेल तर शंभर म्हणजे शंभर. वजनात मोजलेल्या मालाला नियम पाच टक्क्यांची मुभा देतात, पण नग किंवा गाठी मोजून सांगितल्या असतील तर तीही नाही.

'फ्रॉम' घ्या. पहिलीतल्या मुलालाही येणारा शब्द. माल चढवण्याची मुदत सांगताना 'फ्रॉम १० मार्च' म्हटलं तर १० मार्च धरायचा. पैसे देण्याची मुदत मोजताना 'थर्टी डेज फ्रॉम १० मार्च' म्हटलं तर १० मार्च सोडायचा, ११ पासून मोजायचं. शब्द तोच, कागद तोच, एका ओळीत दिवस आत आणि दुसऱ्या ओळीत बाहेर. हे ठरवून घेतलेलं आहे. कोशात शोधून सापडणार नाही.

आणि सगळ्या पुस्तकांचा लाडका शब्दप्रयोग, 'ॲज सून ॲज पॉसिबल'. एका पुस्तकात तो घाई दाखवण्याचा सभ्य मार्ग म्हणून ठळक टाईपात छापला आहे. यूसीपी ६०० काय म्हणतं? माल चढवण्याच्या बाबतीत 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज पॉसिबल' असे शब्द आले तर बँकेनं ते नाहीत असंच समजायचं. जैमिनीला हे वाचून बरं वाटलं असतं. स्तुती, घाई, आर्जव हे सारं बाजूला. तारीख असेल तर सांगा.

आता जोखमीचा प्रश्न. माल कुठवर विकणाऱ्याच्या जबाबदारीवर आणि कुठून घेणाऱ्याच्या, हे ठरवणारी छोटी अक्षरं आहेत : एफओबी, सीआयएफ वगैरे. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. ती १९३६ ला पहिल्यांदा एकत्र छापली गेली, आणि २०२० च्या आवृत्तीत अशा अकरा अटी आहेत. सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं. विक्रेता पुढच्या बंदरापर्यंतचं भाडं भरतो, विमा उतरवतो. म्हणून आम्ही विचारलेल्या दहापैकी दहा विद्यार्थ्यांनी सांगितलं, पुढच्या बंदरापर्यंत जोखीमही विक्रेत्याची. एका क्लासच्या नोट्सही तेच सांगतात. ते चूक आहे. सीआयएफमध्ये माल आपल्याकडच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. खर्च एका बंदरापर्यंत चालतो, जोखीम दुसऱ्याच बंदरात हात बदलते. मधल्या समुद्रात माल भिजला तर कोण कुणाकडे भरपाई मागणार, विम्याचा कागद कुणाच्या हातात असला पाहिजे, हे सगळं या एका भेदावर उभं आहे.

त्याच नोट्समध्ये उदाहरण म्हणून संत्र्याचा ट्रक बांगलादेशात पाठवला आहे, सीआयएफ अटीवर. संत्रा जातो रस्त्यानं, बंगालची सीमा ओलांडून. एफओबी आणि सीआयएफ या अटी समुद्राच्या आणि नदीच्या वाहतुकीसाठी केलेल्या आहेत. जिथं जहाजच नाही तिथं माल 'जहाजावर चढला' कधी म्हणायचा? सीमेवर ट्रक चार दिवस उभा राहिला आणि फळ सडलं, तर त्या करारातून भांडणाशिवाय काही निघणार नाही. रस्त्याच्या वाहतुकीला चालतील अशा वेगळ्या अटी त्याच अकरांत आहेत. शिकवणाऱ्यानं अकरांपैकी दोनच पाठ केल्या होत्या. बांगलादेशानं गेल्या काही वर्षांत संत्र्यावरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं आहे. वाढलेलं शुल्क भरायचं कुणी, हेही या अटींतूनच ठरतं. वरूडच्या कास्तकारासाठी हा धडा व्याकरणाचा नाही, बाग ठेवायची की तोडायची याचा आहे.

मापांचंही तसंच. कास्तकार कापूस विकतो क्विंटलवर. जिनिंगवाला रुई विकतो खंडीवर, खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो. न्यूयॉर्कच्या बाजारात भाव निघतो पौंडाला इतके सेंट असा. आपली गाठ १७० किलोची, आणि अमेरिकी शेतीखात्याच्या आकडेवारीतली गाठ ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या जवळ. 'बेल म्हणजे गाठ' एवढं लिहून पुस्तक पुढं जातं. कुठली गाठ? एका शब्दाखाली अठ्ठेचाळीस किलोंचा फरक दडला आहे.

ही वेळ वऱ्हाडावर पहिल्यांदा आलेली नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. आपल्या भागाचा कापूस लिव्हरपूलच्या भावफलकावर 'ऊमरा' नावानं चढला. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. पुढं वऱ्हाड, खानदेश, मध्य प्रांतातला बराच कापूस त्याच नावाखाली मोजला गेला. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरला पोचली. १८७० ला खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडला जोडली गेली. आता लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात तारेनं येऊ लागला. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्या इथं उतरल्या.

आम्हाला यातला एकच प्रश्न विचारायचा आहे. ही भाषा कोण शिकलं? पेढीचे एजंट शिकले, मुंबईचे दलाल शिकले, कारकून शिकले. ज्याच्या शेताचं नाव त्या फलकावर होतं, तो शिकला नाही. त्याला शिकवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. युद्ध संपलं, भाव कोसळला, तेव्हा तो का कोसळला हे समजणारा माणूस आणि त्याचा मार खाणारा माणूस वेगळे होते. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातल्या कापसावर आणि दुष्काळावर पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना या काळात खोल जायचं असेल त्यांनी ते पाहावं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तेव्हा व्यापाराची भाषाच नव्हती. हे खरं नाही. हुंडी पाहा. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी मुदतीनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच. आणि जोखमी हुंडी तर अशी की, तिच्यात नाव घेतलेल्या जहाजातून माल सुखरूप पोचला तरच पैसे. बिल आणि विमा एकाच चिठ्ठीत. जोखीम कुणाची, कुठवर, कशावर अवलंबून, हे सगळं चार ओळींत. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट इंग्रजांनी केला, तर त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांची स्थानिक वहिवाट राखून ठेवली आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यालाही ही भाषा कच्ची वाटली नव्हती. बाजाराचे नियमही वऱ्हाडानं देशाच्या आधी पाहिले. कारंजाचा कापूसबाजार १८८६ ला नियमांखाली आला, आणि १८९७ ला वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. वजन, दलाली, कडता यांवर कुणाची तरी नजर असावी, ही गरज इथं सगळ्यांच्या आधी ओळखली गेली.

तेव्हा नेमकेपणा आपल्याला परका नाही. तुटला तो दुवा. एकाधिकार खरेदीच्या तीस वर्षांत कास्तकार जगाच्या भावापासून आणखी लांब गेला. त्या योजनेच्या बाजूनं आणि विरोधात बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आज तो विषय नाही. पण बापानं सरकारला कापूस घातला, आणि पोरगा आज एकदम परदेशी खरेदीदारासमोर उभा आहे. मधली पिढी व्यापाराचा कागद न वाचता गेली.

करार किती लांबवर हात पोचवतो याचं उदाहरण घरातच आहे. आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी छोटी गाडी कापसासाठी टाकली गेली. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी हिच्या मार्गाची मालकी एका खाजगी कंपनीकडे राहिली, गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवत आली. कित्येक पिढ्यांनी त्या गाडीवर माया केली, गाणी-गोष्टी केल्या. कागद किती जणांनी वाचला?

ताजं उदाहरण हवं असेल तर २०२५ चं घ्या. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ते काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. काही दिवसांतच दुसरी अधिसूचना निघाली आणि मुदत ३१ डिसेंबर झाली. बदल एका तारखेचा. पण आपल्याकडे वेचणी कधी सुरू होते? दसरा-दिवाळीच्या सुमारास. पहिल्या तारखेत सवलत वेचणीच्या तोंडावर संपत होती, दुसऱ्या तारखेत ती सगळा भर हंगाम व्यापून बसली. गिरणीवाल्यांनी ती ओळ त्याच दिवशी वाचली आणि आपले बेत बदलले. आमच्या गावात ती कळली भाव पडल्यावर, चहाच्या टपरीवर. निर्णय बरा की वाईट हा वाद निराळा. वाचणारा आणि न वाचणारा यांच्यात किती आठवड्यांचं अंतर पडतं, एवढंच आम्ही दाखवतो आहोत.

कुणी तरुण मनात म्हणत असेल, सर, आता फोनमधलं यंत्र पत्र लिहून देतं, भाषांतर करून देतं. देतं ना. आम्हीही वापरून पाहिलं. अर्थवाद ते फार गोड लिहितं, आमच्या सात पुस्तकांपेक्षा गोड. करारातलं वाक्य समजावूनही देईल. पण सही तुमची असते. अलाउन्सचा अर्थ सांगणारा मुलगा चुकला, तेव्हा पैसे बापाचे कापले गेले होते. यंत्र चुकलं तरी पैसे तुमचेच कापले जातील. निदान कुठं शंका घ्यायची एवढं तरी ठाऊक पाहिजे.

मग शिकवायचं कसं? मीमांसक विधिवाक्यापाशी तीन प्रश्न विचारतात : काय साधायचं, कशानं साधायचं, कसं साधायचं. साध्य, साधन, इतिकर्तव्यता. व्यापाराच्या कागदासाठी आम्ही त्यात दोन जोडतो : कोणी करायचं, आणि न झालं तर कोण भोगणार. पाच प्रश्न झाले. वर्गात एक करार, एक बिल, एक बिल्टी, एक एलसी ठेवा. प्रत्येक 'शॅल'खाली रेघ मारा आणि हे पाच प्रश्न विचारा. उत्तर मराठीत द्या, वऱ्हाडीत दिलं तरी चालेल. ज्या ओळीला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, तो अर्थवाद. तो शेवटी शिका.

हे मराठीतून शिकवलं पाहिजे असा आमचा आग्रह आहे, आणि इथं थोडी टीका आपल्या घरावरही. शासकीय परिभाषेनं एलसीला 'पतपत्र' केलं. शब्द चुकीचा नाही, पण अकोल्याच्या बाजारात पतपत्र मागा, कुणी ओळखणार नाही. उलट बिल्टी, कडता, हुंडी, खंडी, जोखीम हे शब्द अजून जिवंत आहेत, ते कोशात एका कोपऱ्यात बसवले आहेत. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. एकानं बाजारातले जिवंत शब्द गोळा करावेत, दुसऱ्यानं ते कास्तकाराच्या कागदांशी जोडावेत. डावीकडे इंग्रजी अट, उजवीकडे सरळ मराठीत तिचा परिणाम, अशी शंभर पानांची पुस्तिका झाली तरी आमच्या वाचनातल्या सातही पुस्तकांची सुट्टी होईल.

आमचं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा.

[अकोल्याहून आलेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न : सर, मी असा क्लास घेते. पहिल्याच दिवशी करार पुढं ठेवला तर मुलं दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. फी भरून आलेली असतात, त्यांना बोलता यायला हवं असतं.]

ताई, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. आम्ही चाळीस वर्षं शिकवलं, रिकामे बाक आम्हीही पाहिले आहेत. पहिल्या दिवशी करार ठेवू नका. पहिल्या दिवशी मुलांना घरातला एक कागद आणायला सांगा : बियाण्याच्या पाकिटावरचं हमीचं वाक्य, पीकविम्याची अट, कर्जाच्या फॉर्मवरचं बारीक अक्षर. यातलं इंग्रजी त्यांच्या बापानं सही करून मान्य केलेलं असतं, म्हणून ते परकं वाटत नाही. एकच ओळ घ्या, पाच प्रश्न विचारा, आणि मग त्या ओळीवर मुलांना इंग्रजीत बोलायला लावा. बोलणंही होईल. ज्याला हा कागद आपल्या घरचा आहे हे कळलं, तो दुसऱ्या दिवशी येतो, असा आमचा अनुभव आहे.

आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनाही तीच विनंती. पुढच्या व्याख्यानाआधी घरातल्या लोखंडी पेटीतला एक तरी इंग्रजी कागद काढून वाचा, आणि जी ओळ अडेल ती आमच्याकडे पाठवा. आम्हाला येत असेल तर सांगू, नसेल तर आपण मिळून शोधू.